उभ्या हायब्रिड गाडीची बॅटरी का उतरते, ते मोजून कसे शोधावे

आठ-पंधरा दिवस गावाला जाऊन आल्यावर किल्ली खिशात असूनही गाडीचे दार उघडत नाही. किल्लीच्या पोटात दडवलेल्या धातूच्या पात्याने ते कसेबसे उघडले, तरी स्टार्टचे बटण दाबताच डॅशबोर्डावरचे सगळे इशारादिवे एकदम लागतात, कुठेतरी रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, टकटक वाजू लागतो आणि गाडी चालायला तयार असल्याचे सांगणारी ‘रेडी’ ही अक्षरे काही केल्या उमटत नाहीत. अशा वेळी हायब्रिड गाडीच्या मालकाला पहिली धडकी भरते ती मोठ्या बॅटरीची, कारण ती बदलण्याचा खर्च ऐकूनच माणूस हबकतो. ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. उतरलेली असते ती १२ व्होल्टची छोटी बॅटरी, आणि ती का उतरली हे एक बरा मल्टिमीटर, एक क्रोकोडाइल क्लिपची वायर आणि काही दिवसांचा धीर एवढ्यावर घरच्या घरी शोधता येते. मात्र एक पथ्य पहिल्यापासून पाळावे लागते: आकडा हाती येईपर्यंत काहीही बदलायचे नाही, नवी बॅटरीसुद्धा नाही.

हे पथ्य मी इतक्या आग्रहाने सांगतो, कारण आमच्या भाऊजींच्या गाडीला ते न पाळल्याचा भुर्दंड पडला. त्यांची गाडी पुण्यात सोसायटीच्या तळघरात उभी असते आणि काम घरूनच चालत असल्याने आठवड्यातून दोनदाच बाहेर पडते. बॅटरी एकदा उतरली तेव्हा गॅरेजवाल्याने काहीही न मोजता नवी बसवून दिली. तिसऱ्या आठवड्यात नवीही उतरली. दोष बॅटरीत नव्हताच. तो कसा सापडला ते पुढे ओघाने येईल.

दोन बॅटऱ्यांची कामे

टोयोटाची हायक्रॉस आणि हायरायडर, मारुतीची ग्रँड विटारा किंवा होंडाची सिटी यांच्या स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे नुसत्या मोटरवरही धावू शकणाऱ्या, रूपांत दोन बॅटऱ्या असतात. मोठी बॅटरी चाकांच्या मोटरला वीज पुरवते. ग्रँड विटारात ती १७७.६ व्होल्टची लिथियम-आयन आहे, तर जुन्या प्रियसमध्ये २०१.६ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड असे. गाडी बंद केली की या बॅटरीचे मुख्य रिले उघडतात आणि ती उरलेल्या गाडीपासून पूर्ण तुटते. ते रिले पुन्हा जोडायचे तर गाडीतले संगणक जागे व्हावे लागतात, आणि संगणकांना जागे करणारी वीज छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून येते. छोटी बॅटरी मेली की मोठी काठोकाठ भरलेली असूनही कुलुपातल्या पैशांसारखी निरुपयोगी ठरते.

स्ट्राँग हायब्रिडमध्ये वेगळा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारा छोटा जनरेटर, नसतो. छोटी बॅटरी भरण्याचे काम डीसी-डीसी कन्व्हर्टर करतो, म्हणजे मोठ्या बॅटरीतली वीज सुमारे १४ व्होल्टवर उतरवून छोटीला देतो, आणि तो फक्त गाडी ‘रेडी’ असतानाच चालतो. बटण एकदा किंवा दोनदा दाबून ‘अ‍ॅक्सेसरी’ किंवा ‘ऑन’मध्ये बसून गाणी ऐकणे म्हणजे छोटी बॅटरी सरळ रिकामी करणे होय. याउलट गाडी ‘रेडी’ असेल, तर इंजिन बंद दिसले तरी छोटी बॅटरी भरत असते.

या बॅटरीला इंजिन फिरवण्याचे जड काम करावे लागत नसल्याने तिची क्षमता बेताचीच, बहुधा ३५ ते ४५ अँपिअर-अवर, असते. याच कारणाने ती म्हातारी झाल्याची खूणही देत नाही. साध्या गाडीत सेल्फ मारताना इंजिन कण्हत फिरू लागले की मालकाला महिनाभर आधी कळते. हायब्रिडमध्ये मात्र संगणक जागे होण्यापुरते काही अँपिअर मिळत असतात तोवर सगळे ठीक भासते आणि एका सकाळी काहीच चालत नाही. म्हणून ‘कालपर्यंत तर उत्तम चालत होती’ या वाक्याला निदानात काहीही वजन देऊ नये.

माइल्ड हायब्रिड, म्हणजे मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते अशा, गाड्यांची रचना निराळी असते, तरी पुढे दिलेली मोजमापाची रीत त्यांनाही लागू पडते. परदेशातल्या वाचकांपैकी कोणाकडे ह्युंदाई आयोनिक किंवा किया नीरोचे हायब्रिड असेल, तर त्यांच्या काही वर्षांच्या मॉडेलांत १२ व्होल्टची बॅटरीही लिथियमची असते आणि ती फार उतरली की स्वतःला तोडून घेते. तिला पुन्हा जोडण्यासाठी डॅशबोर्डावर वेगळे रीसेट बटण दिलेले आहे.

हात लावण्यापूर्वी

नारिंगी आवरणाच्या केबल, त्या ज्या डब्यांत शिरतात ते डबे आणि मोठ्या बॅटरीचा सर्व्हिस प्लग यांना या कामात हात लावण्याचे काहीच कारण नाही. तो भाग प्रशिक्षित माणसाचाच आहे. आपले सगळे काम १२ व्होल्टच्या बाजूला आहे.

छोटी बॅटरी बॉनेटखाली, डिकीत किंवा मागच्या सीटखाली, यांपैकी कुठे आहे हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. ती डिकीत असेल आणि डिकीचे कुलूप विजेवर उघडणारे असेल, तर बॅटरी सोडवलेली असताना डिकी कधीही बंद करू नये, नाहीतर मागच्या सीटवरून आत सरपटत जाऊन ती उघडावी लागते. म्हणून कामाच्या आधी ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली करावी आणि धातूची किल्ली खिशात ठेवावी.

गाडी ‘रेडी’ ठेवायची कोणतीही पायरी बंद गॅरेजमध्ये करू नये, कारण मोठी बॅटरी उतरू लागली की इंजिन न सांगता आपोआप सुरू होते आणि बंद जागेत धुराने जीव जाऊ शकतो. गियर ‘पी’वर असावा, ‘एन’वर ठेवल्यास अनेक हायब्रिड गाड्यांत इंजिन चालू असले तरी मोठी बॅटरी भरत नाही.

उतरलेल्या गाडीला जंप देताना लाल केबल धनटोकाला आणि काळी केबल बॅटरीच्या ऋणटोकाऐवजी गाडीच्या रंग नसलेल्या जाड धातूला लावावी. काही गाड्यांत डिकीतल्या बॅटरीपर्यंत जावे लागू नये म्हणून बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समध्ये धनटोक दिलेले असते. केबल उलट्या लागल्या तर एका क्षणात महागडे भाग जळतात, म्हणून प्रत्येक टोक लावण्यापूर्वी दोनदा पाहावे. गाडी ‘रेडी’ झाली की केबल काढाव्यात. आपल्या हायब्रिडवरून दुसऱ्याच्या साध्या गाडीला जंप देणे मात्र टाळावे. तिच्या स्टार्टरला लागणारा शेकडो अँपिअरचा झटका देण्यासाठी ही व्यवस्था बनवलेलीच नाही.

आधी बॅटरी, मग चार्जिंग, मग गळती

हा क्रम उलटा केला की माणूस भरकटतो. निम्मी मेलेली बॅटरी गाडीत ठेवून गळती, म्हणजे उभ्या गाडीत बॅटरीतून नकळत जाणारी वीज, शोधत बसणे म्हणजे फुटक्या माठाखाली पाणी कुठून येते हे शोधताना नळ तपासत बसण्यासारखे आहे.

पहिल्या दिवशी बॅटरी बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरावी. डिकीत किंवा सीटखाली ठेवलेली बॅटरी बहुधा एजीएम प्रकारची, म्हणजे आम्ल काचतंतूंच्या थरांत शोषलेली बंद बॅटरी, असते, म्हणून चार्जरवर एजीएमचा पर्याय निवडावा. जास्त व्होल्टेज देणारा ‘रिपेअर’ किंवा ‘डीसल्फेशन’चा पर्याय वापरू नये. नुसती गाडी फिरवून पार उतरलेली बॅटरी भरत नाही. वीस मिनिटांच्या फेरीत सरासरी १० अँपिअर गेले असे धरले, तरी जेमतेम ३.३ अँपिअर-अवर आत जातात, आणि रिकामी बॅटरी त्याच्या दहापट मागत असते.

चार्जर काढल्यावर बॅटरी गाडीपासून सोडवून रात्रभर तशीच ठेवावी आणि सकाळी मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे. १२.७ किंवा त्याहून वर असेल तर ती भरलेली आहे, १२.४ म्हणजे सुमारे तीन-चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२.० म्हणजे पाव उरलेली, असा ढोबळ हिशोब धरावा. एजीएमचे आकडे किंचित वर असतात. गाडीपासून सुटी असतानाही रात्रीत १२.५च्या खाली आली, तर दोष तिच्या पोटात आहे आणि पुढचे काही शोधण्याआधी ती बदलावी लागेल.

व्होल्टेज चांगले असणे म्हणजे क्षमता शिल्लक असणे नव्हे. क्षमता पाहण्यासाठी मी २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब होल्डरसह वापरतो. तो सुमारे १.७५ अँपिअर घेतो. ३५ अँपिअर-अवरच्या निरोगी बॅटरीवर तो दहा तास लावला तर साधारण निम्मी वीज खर्च होते, आणि बल्ब काढून तासभर विश्रांती दिल्यावर मीटरने १२.२च्या आसपास दाखवायला हवे. थकलेली बॅटरी दोन-तीन तासांतच ११.५वर घसरते. दर तासाला आकडा वहीत लिहावा, ११.५च्या खाली कधी जाऊ देऊ नये, आणि चाचणी संपताच बॅटरी पुन्हा पूर्ण भरावी, कारण उतरलेल्या अवस्थेत ठेवलेल्या बॅटरीच्या पत्र्यांवर सल्फेटचे थर घट्ट होत जातात आणि तेवढी क्षमता कायमची जाते. उष्णतेनेही बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या बॅटरीकडून पुण्याच्या तळघरातल्या गाडीइतक्या वर्षांची अपेक्षा धरू नये.

चार्जिंगची चाचणी पाच मिनिटांची आहे. बॅटरी जोडून गाडी ‘रेडी’ करावी आणि टोकांवर व्होल्टेज मोजावे. १३.५ ते १४.५च्या दरम्यान आकडा दिसला तर डीसी-डीसी कन्व्हर्टर आपले काम करतो आहे. काही नव्या गाड्या ऋणटोकावरच्या सेन्सरच्या आधारे भरलेल्या बॅटरीचे चार्जिंग स्वतःहून कमी करतात, म्हणून ही चाचणी गाडी दोन-तीन दिवस उभी राहिल्यानंतर लगेच घ्यावी. ‘रेडी’ असूनही आकडा १२.५वर अडकून खाली सरकत असेल, तर दोष कन्व्हर्टरच्या बाजूचा आहे आणि गाडी सर्व्हिस सेंटरलाच न्यावी.

झोपेतला प्रवाह मोजणे

येथून पुढचा भाग नीट समजून केला पाहिजे, कारण बहुतेकांची चूक येथेच होते. आधुनिक गाडी कधीच पूर्ण बंद नसते. कुलूप लावल्यावर तिचे संगणक एकामागून एक झोपी जातात आणि शेवटी किल्लीची हाक ऐकणारा रिसीव्हर, चोरीचा अलार्म आणि घड्याळ एवढेच जागे राहतात. या अवस्थेत बहुतेक गाड्या १५ ते ४० मिलिअँपिअर घेतात. ५०पर्यंत काळजी नसावी. पण झोप लागायला अर्धा-पाऊण तास लागू शकतो, आणि त्याआधी घेतलेला प्रत्येक आकडा फसवा असतो. बंद केल्याबरोबर मीटरवर तीन अँपिअर पाहून वायरिंग उसकटायला घेतलेली माणसे मी पाहिली आहेत.

पहिले मोजमाप गाडी रोज जशी उभी असते तशाच स्थितीत करावे. डॅशकॅम, ओबीडीत (गाडीचे दोष तपासण्याच्या सॉकेटमध्ये) खोचलेला डोंगल, यूएसबीतला चार्जर यांतले काहीही आधी काढू नये, कारण चोर पळवून लावून घराची झडती घेण्यात अर्थ नाही. बॅटरी डिकीत असल्यास डिकी उघडी ठेवावी लागते, तेव्हा तिच्या लॅचमध्ये स्क्रू-ड्रायव्हर घालून ते बंद स्थितीत फिरवावे म्हणजे गाडी डिकी बंद आहे असे समजते आणि आतला दिवा विझतो. फ्यूज बॉक्स गाडीच्या आत असेल तर त्याच्या बाजूचे दारही असेच उघडे ठेवून त्याचे लॅच बंद करावे. काम झाल्यावर दार किंवा डिकी आपटण्यापूर्वी ही लॅच पुन्हा मोकळी केलीच पाहिजेत, नाहीतर दोन्ही भाग वाकतात. मग किल्लीने कुलूप लावून घरातल्या सगळ्या किल्ल्या गाडीपासून दहा मीटर तरी दूर ठेवाव्यात.

आता १० नंबरच्या पान्याने ऋणटोकाचा नट सैल करावा, पण टोक लगेच उचलू नये. आधी क्रोकोडाइल क्लिपच्या वायरीचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटाला आणि दुसरे ऋण केबलच्या धातूला लावावे, आणि मगच केबल खुंटावरून काढावी. म्हणजे वीज क्षणभरही खंडित होत नाही. हा खटाटोप अनाठायी वाटेल, पण वीज तुटली तर अडकून बसलेला एखादा संगणक नव्याने सुरू होऊन ताळ्यावर येतो, दोष तात्पुरता नाहीसा होतो आणि आठ दिवसांनी परत उपटतो. त्यानंतर मल्टिमीटर १० अँपिअरच्या भोकात प्रोब घालून डीसी अँपिअरवर ठेवावा, लाल प्रोब केबलला व काळा खुंटाला घट्ट बसवावा, आणि शेवटी क्लिपची वायर काढावी. आता गाडीला जाणारा सगळा प्रवाह मीटरमधून जातो.

मीटर असा जोडलेला असताना तीन गोष्टी करू नयेत. गाडी ‘रेडी’ करू नये, कारण कन्व्हर्टरचा दहा अँपिअरहून कितीतरी मोठा प्रवाह मीटरमधून बॅटरीत येईल आणि मीटरचा फ्यूज उडेल. ड्रायव्हरचे दार उघडू नये. टोयोटाच्या हायब्रिड तंत्राच्या अनेक गाड्यांत ते दार उघडताच ब्रेकचा दाब तयार करणारा पंप सुरू होतो, तुम्ही तो गुरगुराट ऐकला असेल, आणि तोही मोठा झटका घेतो. तिसरे म्हणजे घाई करू नये. काही उघडणे भागच असेल, तर आधी क्लिपची वायर परत लावून मीटरला बाजूला घ्यावे. डीसी मिलिअँपिअर दाखवणारा क्लॅम्प मीटर असेल तर टोक काढण्याची गरजच उरत नाही. पण घरच्या वायरमनकडे असतो तो साधा क्लॅम्प फक्त एसी मोजतो, त्याचा येथे उपयोग नाही.

भाऊजींच्या गाडीत संध्याकाळी साडेसहाला मीटर लावला तेव्हा २.८ अँपिअर होते. पाच मिनिटांत ते १.१ झाले, वीस मिनिटांनी ०.४२, आणि पंचेचाळीस मिनिटांनी आकडा ०.३१वर येऊन थबकला तो रात्री आठपर्यंत तिथेच होता. मिलिअँपिअरला चोवीसने गुणून हजाराने भागले की दिवसाचा खर्च अँपिअर-अवरमध्ये मिळतो. ३१० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला सुमारे ७.४ अँपिअर-अवर, आणि ४५ अँपिअर-अवरची बॅटरी तीन दिवसांत निम्मी. त्याआधीच्या आठवड्यात नुसत्या व्होल्टेजच्या नोंदी घेतल्या होत्या, त्यांत शुक्रवारी रात्री १२.७४ आणि रविवारी रात्री १२.३१ असे होते. दोन्ही मोजमापांचा हिशोब जुळला. हाच प्रवाह ३० मिलिअँपिअर असता, तर बॅटरी निम्मी व्हायला महिना लागला असता. तुलनेसाठी, आत विसरलेला ५ वॉटचा एक साधा बल्ब सुमारे ०.४ अँपिअर घेतो आणि दिवसाला दहा अँपिअर-अवर संपवतो.

गळती कोणत्या फ्यूजवर आहे

एकेक फ्यूज उपटून आकडा कधी पडतो ते पाहायचे, ही जुनी रीत साध्या गाड्यांना ठीक होती. आता मात्र फ्यूज काढला-घातला की चार संगणक जागे होतात आणि पुन्हा पाऊण तास थांबावे लागते. त्यापेक्षा फ्यूजला न काढता त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या धातूच्या टिकल्यांवर मल्टिमीटरचे प्रोब टेकवून मिलिव्होल्ट मोजावेत. फ्यूजमधून प्रवाह जात नसेल तर शून्य दिसते. जात असेल तर किंचित व्होल्टेज दिसतेच. १० अँपिअरच्या छोट्या फ्यूजवर १ मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे १३५ मिलिअँपिअर. २० अँपिअरच्या फ्यूजचा रोध कमी असल्याने तिथे तेवढाच आकडा दुपटीहून अधिक प्रवाह दाखवतो. त्यासाठी मिलिव्होल्टचा दहावा भाग दाखवणारा मीटर हवा आणि प्रोबची टोके अणकुचीदार हवीत. या कामापुरता मीटर बॅटरीवरून काढून तिथे क्लिपची वायर ठेवली तरी चालते, आणि गाडीची झोप मोडत नाही.

बॉनेटखालचा बॉक्स आणि आतला बॉक्स असे दोन्ही तपासायला मला वीस मिनिटे लागली. बावीस फ्यूजवर ०.० किंवा ०.१ दिसत गेले. आतल्या बॉक्समधल्या, केबिनच्या दिव्यांना सतत वीज देणाऱ्या १० अँपिअरच्या फ्यूजवर मात्र २.१ मिलिव्होल्ट आले, म्हणजे सुमारे २८४ मिलिअँपिअर, आणि ०.३१मधून हे वजा केले तर उरतात २६. सगळा चोरीचा माल एकाच घरात सापडला. त्या फ्यूजमागची वायर हाताने चाचपत वर गेल्यावर ती एका ठिकाणी सोलून तिला काळ्या टेपने पातळ लाल वायर गुंडाळलेली दिसली, आणि ती छताच्या कडेने आरशामागच्या डॅशकॅमपर्यंत गेली होती. भाऊजी म्हणाले, “अहो, पण तो कॅमेरा तर गाडी बंद केली की बंद होतो असं दुकानदारानं सांगितलं होतं.” पडदा बंद होत होता खरा, पण पार्किंगमधली हालचाल टिपण्यासाठी कॅमेरा रात्रंदिवस जागा होता. ती वायर सोडवल्यावर पुन्हा पाऊण तासाने मीटरवर २४ मिलिअँपिअर होते.

डॅशकॅमचा पार्किंग मोड हवाच असेल, तर तो स्वतंत्र फ्यूज असलेल्या हार्डवायर किटवर, म्हणजे कॅमेरा गाडीच्या वायरिंगला जोडायच्या तयार संचावर, घ्यावा आणि किट कोणत्या व्होल्टेजवर कॅमेरा बंद करते ती मर्यादा तपासावी. अनेक किटांवर ती ११.८ सारख्या आकड्यावर ठेवलेली असते, आणि हायब्रिडच्या छोट्या बॅटरीसाठी तो आकडा फार खाली आहे. तोवर तिचा जवळजवळ सगळा साठा संपलेला असतो. मर्यादा १२.४वर ठेवावी. तिथे कॅमेरा लवकर बंद पडतो याची तक्रार करण्यापेक्षा त्याला वेगळी पॉवर बँक देणे बरे.

फ्यूज सापडला पण त्यावर बाहेरून काही जोडलेले नसेल, तर त्या फ्यूजवर कोणकोणती उपकरणे आहेत ते पुस्तिकेत पाहून त्यांचे प्लग एकेक काढत जावे. माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त वेळा नंतर बसवलेल्या वस्तूच दोषी निघाल्या आहेत: जीपीएस ट्रॅकर, अँप्लिफायर, रंगीत दिव्यांच्या पट्ट्या, ओबीडीत कायमचा खोचून ठेवलेला ब्लूटूथ डोंगल. या डोंगलचा स्वतःचा प्रवाह थोडा असतो, पण तो गाडीच्या संगणकांशी बोलत राहून त्यांनाही झोपू देत नाही, हे त्याचे खरे नुकसान आहे. त्यानंतर क्रम लागतो तो न विझणाऱ्या डिकीच्या किंवा ग्लोव्ह बॉक्सच्या दिव्याचा, ज्यासाठी फोनचा व्हिडिओ चालू करून तो आत ठेवून झाकण लावणे ही सर्वांत सोपी परीक्षा आहे, आणि मग चिकटून बसलेल्या रिलेचा, जो हाताला कोमट लागतो.

किल्लीचीही चौकशी करावी. बैठ्या घरात किल्ली दाराआडच्या खिळ्याला आणि गाडी भिंतीपलीकडे दोन मीटरवर, असे असेल तर दोघांचे संभाषण चालू राहते आणि गाडीची व किल्लीची अशा दोन्ही बॅटऱ्या खर्ची पडतात. किल्ली दूरच्या खोलीत ठेवावी. टोयोटाच्या अनेक किल्ल्यांत लॉकचे बटण दाबून धरून अनलॉक दोनदा दाबले की किल्लीचा दिवा चार वेळा लुकलुकतो आणि ती स्वतःच बचतीच्या अवस्थेत जाते.

कधी कधी मीटरवर प्रवाह अगदी ठीक दिसतो आणि बॅटरी तरीही उतरते. तेव्हा काहीतरी मधूनच जागे होत असते, आणि तासाभराच्या मोजमापात ते सापडत नाही. बॅटरीच्या टोकांवर बसणारा छोटा ब्लूटूथ व्होल्टमीटर यासाठी उपयोगी पडतो. तो स्वतः एक-दोन मिलिअँपिअर घेतो आणि दिवसभराचा आलेख फोनवर दाखवतो. रेषा संथ उतरत असेल तर गळती सतत आहे. पायऱ्यापायऱ्यांनी पडत असेल तर प्रत्येक पायरीची वेळ लिहून ठेवावी. मोबाइल अ‍ॅपशी जोडलेल्या गाडीतला मोडेम नेटवर्क नसलेल्या तळघरात पुन्हा पुन्हा नेटवर्क शोधत राहू शकतो. गाडी आठवडाभर वरच्या मोकळ्या जागेत उभी करून आलेख बदलतो का, हे पाहिले की त्याचा निकाल लागतो. कारखान्याने बसवलेल्या अशा भागावर संशय स्थिरावला, तर आलेख, तारखा आणि फ्यूजचा क्रमांक लिहून सर्व्हिस सेंटरला द्यावा. ‘बॅटरी उतरते’ एवढेच सांगितले की नवी बॅटरी मिळते. आकडे दिले की दोष शोधला जातो.

नवी बॅटरी घेणे आणि गाडी दीर्घकाळ उभी ठेवणे

बॅटरी बदलावीच लागली आणि ती डिकीत किंवा सीटखाली असेल, तर मूळ प्रकारचीच, वायू बाहेर नेणाऱ्या नळीची सोय असलेली घ्यावी, आणि ती नळी न विसरता जोडावी. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो, आणि माणसे बसतात त्या जागेत तो साठू देणे धोक्याचे आहे. पैसे वाचवण्यासाठी तिथे पाणी घालायची साधी बॅटरी बसवून देणाऱ्याला स्पष्ट नकार द्यावा.

गळती नसलेली गाडीही तीन-चार आठवड्यांहून अधिक उभी राहणार असेल, तर घरच्या कोणाला तरी आठवड्यातून एकदा तासभर मोकळ्या जागेत ती ‘रेडी’ ठेवायला सांगावे, किंवा पार्किंगमध्ये प्लग असेल तर बॅटरी भरलेली राखणारा मेंटेनर चार्जर लावावा. नुसती पाच मिनिटे सुरू करून बंद करण्याने फायदा होत नाही; दार उघडणे, पंप आणि संगणक जागे होणे यांतच मिळालेले बरेचसे खर्च होते. दोन्ही शक्य नसेल तर ऋणटोक सोडवून ठेवावे. त्याने काचांची आणि रेडिओची सेटिंग्ज जातात, एवढे सोसावे. मोठी बॅटरीही उभ्या उभ्या अगदी हळू उतरते, म्हणून काही महिन्यांच्या मुक्कामात गाडी मधून एकदा तरी अर्धा तास चालवली गेली पाहिजे.

भाऊजी त्यानंतर दहा दिवस कोकणात होते. परत आले त्या रात्री गाडी ‘रेडी’ करण्याआधी त्यांनी बॉनेटखालच्या टोकांवर मीटर लावून मला आकडा कळवला: १२.५८.